जुन्या गोव्यातले बॅरोक चर्च कसे पाहावे : खानदेशातून जाणाऱ्यांसाठी

खानदेशातून गोव्याला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत 'जुने गोवे, चर्चदर्शन' ही ओळ हमखास असते आणि तिच्यासमोर बहुधा अर्ध्या तासाची वेळ दिलेली असते. मी पहिल्यांदा गेलो तो अशाच एका बसमधून. 'वीस मिनिटांत परत या' असे सांगण्यात आले आणि आम्ही चाळीस माणसे बॉम जेझू बॅसिलिका या चर्चच्या दारातून आत शिरलो, संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर ठेवलेली चांदीची पेटी कुठे आहे हे एकमेकांना विचारत तिच्यापर्यंत पोहोचलो आणि बाहेर पडलो. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि बरीच वर्षे मुलांना घेऊन अजिंठ्याला जातो. तरीही त्या रात्री वहीत काही उतरवायला बसलो, तेव्हा सोनेरी रंगाखेरीज मला काहीच आठवेना. त्यानंतर मी तीनदा गेलो आणि प्रत्येक वेळी या एकाच वास्तूला अर्धा दिवस दिला. या लेखात त्याच अर्ध्या दिवसाची आखणी आहे.

बॅरोक शैलीच्या चर्चची रचनाच मुळी चालत चालत, ठरावीक क्रमाने पाहण्यासाठी केलेली असते, आणि तो क्रम तुटला की ती वास्तू म्हणजे नुसता सोन्याचा लखलखाट उरतो. हे पाहण्याचे शिक्षण खानदेशातल्या माणसाला अजिंठ्याने आधीच दिलेले आहे. पहिल्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते आणि मगच पद्मपाणी दिसू लागतो. जातककथा भिंतीवर कुठून सुरू होते हे शोधावे लागते. मूर्ती बुद्धाची की बोधिसत्त्वाची हे मुद्रेवरून आणि अलंकारांवरून ओळखावे लागते. हीच शिस्त चर्चमध्ये नेली, तर अर्धे काम झाले असे समजावे.

निघण्यापूर्वीची तयारी

बॅरोक या शब्दाचे मूळ पोर्तुगीज 'बारोको' या शब्दात, म्हणजे ओबडधोबड आकाराच्या मोत्यात, असल्याचे सामान्यतः मानले जाते. ही शैली सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत आकाराला आली आणि सतराव्या शतकात युरोपभर पसरली. प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधील मूर्ती आणि चित्रे यांवर हल्ला चढवला होता. त्याला उत्तर म्हणून १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने अखेरच्या वर्षी असे ठरवले की चित्रे आणि मूर्ती ठेवाव्यात, कारण निरक्षर भाविकाला श्रद्धेचे धडे त्यांतूनच मिळतात. धर्मकथा भाविकाच्या अंगावर आली पाहिजे, त्याचे मन हलले पाहिजे, हा आग्रह तेव्हापासून वाढला. नवापूर, नंदुरबार भागातली प्रोटेस्टंट मंडळ्यांची साधी, मूर्तिरहित प्रार्थनालये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा फरक दारातच जाणवेल. दोन्ही ख्रिस्तीच, पण प्रतिमेविषयीची भूमिका अगदी वेगळी.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी वाचून घ्याव्यात. पहिली म्हणजे येशूच्या जन्मापासून क्रूसावरील मृत्यूपर्यंतची कथा. ती मराठीच्या इतिहासातही रुजलेली आहे, कारण फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही कथा मराठी ओव्यांत रचली आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातच, रायतूर येथे छापले गेले. आज पाहायला जातो ती चर्च ज्या काळात उभी राहत होती, त्याच काळात तिथल्या वेद्यांवरची (पूजापीठांवरची) कथा आपल्या भाषेत सांगितली जात होती, हे मनात असले की त्या मूर्ती परक्या वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे संतांच्या खुणा. आपण चक्र आणि शंख पाहून विष्णू ओळखतो, मोर पाहून कार्तिकेय. ख्रिस्ती कलेतही तशीच सोय आहे. हातात चाव्या असतील तर तो संत पीटर (चावी हा शब्दही मराठीत पोर्तुगीजांकडूनच आला, म्हणून ही खूण सहसा विसरत नाही). तलवार असेल तर बहुधा संत पॉल. तुटलेले चाक आणि तलवार ही अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनची खूण. कडेवर किंवा पुस्तकावर बाळ येशू आणि हातात लिलीचे फूल असेल तर संत अँथनी. तराजू आणि तलवार घेऊन सैतानाला पायाखाली दाबणारा पंखधारी योद्धा म्हणजे देवदूत मायकेल. चार शुभवर्तमानकारांसाठी, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांसाठी, चार चिन्हे आहेत : मत्तयासाठी मनुष्य, मार्कसाठी सिंह, लूकसाठी बैल आणि योहानासाठी गरुड. आय-एच-एस ही अक्षरे सगळीकडे दिसतील. ग्रीक लिपीतल्या येशूच्या नावाची ती पहिली तीन अक्षरे असून जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने त्यांना आपली मुद्रा केले. एवढे एका पानावर लिहून पान खिशात ठेवावे. मी मुलांना हे पान स्वतःच्या हाताने चित्रे काढून करायला लावतो, कारण काढलेले चाक लक्षात राहते आणि वाचलेले चाक विसरते.

सामानात एक छोटी दुर्बीण अवश्य असावी. चांदीची पेटी उंचावर आहे, वेदीवरच्या सर्वांत सुंदर आकृती त्याहून उंच आहेत, आणि मोबाईलचा झूम अंधुक प्रकाशात फारसा उपयोगी पडत नाही. वही आणि पेन्सिल घ्यावी. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घ्यावेत. समुद्रकिनाऱ्यावरचे कपडे तसेच घालून जाऊ नये.

जाण्याची वेळ आणि वाट

भुसावळ आणि मनमाड या स्थानकांवरून जाणारी गोवा एक्स्प्रेस आपल्याला गाडी न बदलता मडगावपर्यंत पोहोचवते. प्रवास लांबचा आहे, म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी सोबत असावे हे खानदेशी माणसाला सांगायला नको. मुक्काम पणजीत करावा, कारण जुने गोवे तिथून साधारण १० किलोमीटरवर आहे आणि पणजीच्या बसस्थानकावरून दिवसभर बसगाड्या मिळतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी हे स्थानक सर्वांत जवळ पडते.

नोव्हेंबरची अखेर आणि डिसेंबरचे पहिले दिवस हा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताचा काळ असतो. ३ डिसेंबर हा मुख्य दिवस, आणि त्याआधीचे नऊ दिवस नव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. भक्ती पाहायची असेल तर या काळासारखा दुसरा काळ नाही, पण कला पाहायची असेल तर तो टाळावा. ईस्टरपूर्वीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत अनेक चर्चमध्ये क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकण्याची प्रथा आहे, याचीही चौकशी आधी करावी. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, असते, त्या वेळी पर्यटक म्हणून फिरू नये. माझ्या मते जानेवारी किंवा फेब्रुवारीतला मधल्या वाराचा दिवस उत्तम, आणि सकाळी दार उघडताच पोहोचावे, कारण दहा-साडेदहापासून सहलीच्या बसगाड्या येऊ लागतात. पावसाळ्यात गर्दी कमी असते आणि ओल्या जांभ्याचा रंग अप्रतिम दिसतो, परंतु आत उजेड फार कमी असतो.

बाहेर उभे राहण्याची पंधरा मिनिटे

आत जाण्याची घाई करू नये. बॉम जेझू बॅसिलिकाचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. समोरच्या अंगणात, दर्शनी भिंत पूर्ण डोळ्यांत मावेल इतक्या अंतरावर उभे राहावे आणि खालून वर पाहावे : तीन दरवाजे, त्यांच्यावर तीन मोठ्या चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर तीन गोल खिडक्या आणि सर्वांत वर कोरीव चौकटीत आय-एच-एस ही मुद्रा. प्रत्येक मजल्यावर रुंदी आणि नक्षी बदलत जाते आणि नजर आपोआप त्या अक्षरांवर जाऊन थांबते. जाणकार या दर्शनी भागात बॅरोकच्या आधीच्या रेनेसाँ शैलीची शिस्त अधिक आहे असे सांगतात आणि ते खरे आहे. बॅरोकचा खरा आवेग आत आहे. त्यामुळे बाहेर हिशेब आणि आत उधळण, हा फरक मनात ठेवूनच पायरी चढावी.

आता दगड पाहावा. भिंती तांबूस, छिद्रांच्या जांभ्या दगडाच्या आहेत, पण खांब, चौकटी आणि नक्षी काळ्या दगडाची आहे. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि तो वसईकडून समुद्रमार्गे आणला गेला असे सांगतात. सातमाळ्याच्या डोंगरात जो दगड आहे, ज्यात अजिंठा कोरला गेला, पाटणादेवीच्या मंदिराला आणि आपल्या गावोगावच्या हेमाडपंती देवळांना जो वापरला गेला, त्याच लाव्हारसाच्या कुळातला हा दगड आहे. जांभा कापायला सोपा, पण त्यात बारीक नक्षी टिकत नाही. बेसाल्ट छिन्नीला कठीण, पण एकदा कोरले की कड चारशे वर्षांनंतरही बोटाला धारदार लागते. दाराच्या चौकटीजवळ उभे राहिले की दोन्ही दगड शेजारी दिसतात : एकावर पावसाने पाडलेली खळगी, दुसऱ्यावर पानाची अजून कोरी असलेली शीर. हात लावू नये, पण नजर मात्र तिथे दोन मिनिटे ठेवावी.

या भिंती मूळच्या अशा उघड्या नव्हत्या. इतर चर्चप्रमाणे यांच्यावरही चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५० च्या दशकात काढण्यात आला. लाल भिंतींचा जो देखावा आज पोस्टकार्डावर छापला जातो, तो त्यामुळे निर्माण झाला. पण खानदेशात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि गोव्यात साधारण ३०००, हे लक्षात घेतले की उघड्या जांभ्याचे काय होत असेल हे सांगावे लागत नाही. मला लाल भिंत आवडते, तरीही तिच्या अंगावर पुन्हा गिलावा चढावा असेच वाटते.

दारातून आत

आपल्याकडच्या माणसाचा पहिला गोंधळ पायातल्या चपलांचा असतो. चर्चमध्ये चपला काढत नाहीत. पुरुषांनी डोक्यावरची टोपी मात्र काढावी. दारापाशी पवित्र पाण्याचे भांडे असते. भाविक त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. ते तीर्थ नव्हे, ते पिऊ नये. जिथे तांबडा दिवा सतत तेवत असतो तिथे पवित्र भाकर ठेवलेली असते आणि कॅथलिक भाविक तिथे गुडघा टेकतात. आपण गुडघा टेकला नाही तरी चालते, पण तिथून बोलत जाऊ नये.

आत शिरल्यावर लगेच चालू लागू नये. वाद्यवृंद आणि गायकांचा सज्जा डोक्यावर असल्यामुळे दाराजवळचा भाग ठेंगणा आणि अंधारा वाटतो. तिथेच थांबावे. एका बाजूला संत अँथनी आहेत, दुसऱ्या बाजूला झेवियर संतांचा मोठा लाकडी पुतळा आहे. खिशातल्या पानावरून त्यांना ओळखण्याचा पहिला सराव इथेच होतो. डोळे सरावले की चार पावले पुढे जावे. सज्ज्याखालून बाहेर पडताच छत एकदम उंच होते आणि सुमारे १८३ फूट लांब वास्तूच्या दुसऱ्या टोकाला सोने पेटल्यासारखे दिसते. ठेंगण्या अंधारातून उंच उजेडात येण्याचा हा परिणाम मुद्दाम साधलेला आहे, आणि जो धावत आत येतो त्याला तो मिळत नाही.

बाजूच्या भिंती जवळजवळ कोऱ्या आहेत हेही इथेच लक्षात येते. सगळी शोभा शेवटच्या भिंतीसाठी राखून ठेवलेली आहे. मध्ये दोनच गोष्टी नजर अडवतात : उत्तरेच्या भिंतीत दों जेरोनिमो माश्कारेन्यश यांचे स्मारक आणि त्याच्यासमोर दक्षिणेच्या भिंतीतून पुढे आलेले लाकडी प्रवचनपीठ. माश्कारेन्यश हे कोचीचे कॅप्टन होते, १५९३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांनी मागे ठेवलेल्या धनातून हे चर्च उभे राहिले. प्रवचनपीठावर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चार धर्माचार्य कोरलेले आहेत; खालच्या बाजूला सगळा भार पेलणाऱ्या आकृती आहेत, त्या वाकून पाहाव्यात. गोव्यातल्या इतर काही चर्चमध्ये प्रवचनपीठाच्या पायाशी नागकन्येसारख्या आकृती आढळतात, आणि छिन्नी कोणत्या देशातल्या हाताने धरली होती हे तिथे उघड होते.

मुख्य वेदी : वीस मिनिटे बसून

ज्या बाकावरून संपूर्ण वेदी दिसते, तिथे बसावे आणि खालून वर वाचावे. खाली पवित्र भाकर ठेवण्याच्या पेटीच्या वरच्या बाजूला एक लहानशी मूर्ती आहे, ती बाल येशूची. बॉम जेझू म्हणजे भला येशू, आणि चर्चचे नाव या छोट्या बाळावरूनच आहे. पण बहुतेकांना हे बाळ दिसतच नाही, कारण त्याच्यावर संत इग्नेशियस लोयोला यांचा प्रचंड पुतळा उभा आहे. १५४० मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या जेझुइट संघाचे ते संस्थापक. त्यांची मान वर वळलेली आहे. त्या नजरेच्या रेषेत आपली नजर न्यावी, म्हणजे ती किरणांच्या सूर्यासारख्या वर्तुळातल्या आय-एच-एस या अक्षरांवर पोहोचते, आणि त्याहून वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याची शिल्पे दिसतात. बाहेरच्या भिंतीवर वाचलेली अक्षरे इथे पुन्हा भेटतात. मूर्तीची मान, डोळे आणि हात यांनी पाहणाऱ्याला पुढच्या पायरीवर ढकलायचे, ही बॅरोक कलेची मुख्य युक्ती आहे, आणि ती एकदा समजली की जगातल्या कोणत्याही बॅरोक वेदीसमोर उपयोगी पडते.

वेदीच्या बाजूचे खांब दोरीसारखे पिळलेले आहेत. असे खांब जेरुसलेममधल्या शलमोनाच्या मंदिरात होते अशी जुनी समजूत आहे, म्हणून त्यांना शलमोनी खांब म्हणतात. रोममध्ये संत पीटरच्या बॅसिलिकात शिल्पकार बर्निनी यांनी १६२३ ते १६३४ या काळात असेच प्रचंड खांब ब्राँझमध्ये उभे केले आणि पुढे सगळ्या कॅथलिक जगात त्यांचे अनुकरण झाले. सरळ खांब भार पेलतो हे दिसते. पिळलेला खांब वर चढतो आहे असे दिसते. मुलांना मी एका कागदावर दोन्ही खांब काढायला सांगतो. शब्दांत जे कळत नाही ते पेन्सिलीला लगेच कळते.

आता सोन्याकडे पाहावे, आणि जळगावच्या सराफ बाजारात वावरलेल्या माणसाने तर मुद्दाम पाहावे. हे ठोस सोने नाही, लाकडावर चढवलेला वर्ख आहे. कोरलेल्या लाकडावर आधी खडू आणि सरस यांच्या मिश्रणाचे अनेक थर देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करतात, त्यावर बारीक तांबड्या मातीचा थर देतात, तो किंचित ओला करून अत्यंत पातळ वर्ख त्यावर बसवतात आणि वाळल्यावर अकीक दगडाने घासून चकाकी आणतात. तांबडी माती दोन कामे करते : घासताना वर्खाला मऊ आधार देते आणि सोन्याला आतून ऊब देते. दुर्बिणीतून एखाद्या देवदूताच्या गालाच्या किंवा पंखाच्या कडा पाहाव्यात. जिथे सोने झिजले आहे तिथे ती तांबडी झाक डोकावते, आणि त्याखाली कुठे कुठे पांढरा थरही. कित्येक शतकांची ओल आणि वाळवी यांच्याशी झुंजणारी ही सगळी कामगिरी किती नाजूक आहे हे त्या नखाएवढ्या जागेत कळते. म्हणूनच फ्लॅश वापरू नये आणि हात लावू नये, हे नियम मला कधीच जाचक वाटले नाहीत. फोटोविषयीचे फलक दारातच असतात, ते वाचून तसेच वागावे. वेदीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढणे तर टाळावेच.

मुख्य वेदीच्या दोन बाजूंना आशेची माता मरिया आणि देवदूत मायकेल यांच्या लहान वेद्या आहेत. या मी थोडक्यात पाहतो, आणि तुम्हीही तसेच केले तर काही बिघडत नाही.

झेवियर संतांची समाधी

उजव्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूच्या दालनात ती जागा आहे जिच्यासाठी बहुतेक लोक येतात. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सानचान बेटावर त्यांचे निधन झाले, १५५४ मध्ये त्यांचे शरीर गोव्यात आणले गेले आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद जाहीर झाले. गोव्याचे लोक त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात, आणि त्यात धर्माच्या सीमा फारशा पाळल्या जात नाहीत.

इथे दोन वेगवेगळ्या कलाकृती एकावर एक आहेत, त्या वेगळ्या करून पाहाव्यात. वरची चांदीची पेटी गोव्यातल्याच सोनारांनी १६३७ च्या सुमारास घडवली असून तिच्यावर संतांच्या चरित्रातले प्रसंग लहान चौकटींत कोरलेले आहेत. खालची संगमरवर आणि रंगीत जॅस्पर दगडाची भव्य समाधी इटलीतून आली : टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो दे मेदिची यांनी ती भेट दिली, फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी ती घडवली आणि १६९८ मध्ये ती इथे उभारली गेली. तिच्या चार बाजूंना ब्राँझची चार उठावचित्रे आहेत. फ्लॉरेन्सचे ब्राँझ आणि गोव्याची चांदी यांची तुलना दुर्बिणीतून करावी. फोज्जिनींच्या आकृती वाऱ्यात सापडल्यासारख्या वळतात. चांदीवरच्या आकृती लहान, दाटीने बसलेल्या आणि शांत आहेत, आणि त्यांची मांडणी पाहताना मला अजिंठ्याच्या भिंतीवरची दाटी आठवते. कोणते काम श्रेष्ठ यावर माझे एका सहकाऱ्याशी जळगावपर्यंत बोलणे चालले होते; मी चांदीच्या बाजूचा आहे.

दर दहा वर्षांनी संतांचे पार्थिव अवशेष दर्शनासाठी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला.

दुसऱ्या खेपेला माझ्यासोबत अमळनेरची मावशी होती. तिला शिल्पकार, शतक यांतले काही नको होते. बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे आणि बाळे विकणाऱ्या बायकांपाशी मात्र ती बराच वेळ उभी राहिली. ज्याचा जो अवयव दुखतो, त्याचा मेणाचा आकार इथे वाहतात. 'म्हणजे आपल्या देवीला चांदीचे डोळे वाहतो तेच की रे हे,' असे ती म्हणाली आणि तिने गुडघ्यासाठी एक पाय घेतला. त्यानंतर समाधीसमोर ती जितकी शांत उभी राहिली, तितका मी पहिल्या खेपेत कुठेच उभा राहिलो नव्हतो.

मिस्सा सुरू झाली तर

पाहता पाहता मिस्सा सुरू झाली, तर फिरणे ताबडतोब थांबवून मागच्या बाकावर बसावे किंवा शांतपणे बाहेर पडावे. बसलात तर इतरांसोबत उभे राहावे आणि इतरांसोबत बसावे. एका गोष्टीची मात्र स्पष्ट सूचना देतो, कारण आपल्याकडच्या मंडळींकडून ही चूक अगदी भाविकपणे होते : शेवटी लोक रांगेने पुढे जातात आणि फादर त्यांना पातळ गोल भाकर देतात, तो प्रसाद नव्हे. कॅथलिक श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचे शरीर आहे आणि दीक्षित कॅथलिकांनीच ते घ्यायचे असते. त्या वेळी आपण जागेवर बसून राहावे. कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

उरलेला वेळ

उरलेल्या दोन तासांत सगळी चर्च उरकण्याचा मोह टाळून दोनच निवडावीत. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल सुमारे २५० फूट लांब असून ते संत कॅथरीनला अर्पण केलेले आहे, कारण पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये तिच्याच दिवशी, २५ नोव्हेंबरला, गोवे जिंकले होते. बांधकाम १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये संपले. दोनपैकी एक बुरूज १७७६ मध्ये कोसळला, त्यामुळे दर्शनी भाग आज एका खांद्याचा दिसतो. उरलेल्या बुरुजात सोनेरी घंटा म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. आतल्या मुख्य वेदीवर संत कॅथरीनच्या जीवनातले प्रसंग आहेत. तिथे चाक आणि तलवार शोधण्याचे काम मुलांकडे सोपवावे. दुसरे चर्च म्हणजे थिएटाइन या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने सतराव्या शतकात रोमच्या संत पीटर बॅसिलिकाच्या धर्तीवर बांधलेले संत कायतानचे चर्च. घुमटाखाली उभे राहून मान वर करावी. बॉम जेझूमध्ये जागा आपल्याला पुढे ओढते, इथे ती वर ओढते. त्याच्याजवळच आदिलशाही वाड्याचे काळ्या दगडाचे दार एकटे उभे आहे.

संत ऑगस्टीनचा ४६ मीटर उंच पडका बुरूज वेळ उरला तर पाहावा. मूर्ती जवळून, डोळ्यांच्या पातळीवर पाहायच्या असतील तर सांता मोनिका कॉन्व्हेंटमधले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय चुकवू नये; हस्तिदंतातल्या बाल येशूच्या चेहऱ्यावर कोकणातल्या मुलाचे गाल आणि डोळे दिसतात.

एक प्रश्न आमच्या गटात दर वेळी निघतो आणि तो टाळू नये. याच सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने गोव्यातली देवळे पाडली, १५६० मध्ये धर्मद्रोहाची चौकशी करणारे इन्क्विझिशनचे न्यायासन इथे बसले आणि मंगेशी, शांतादुर्गा यांच्यासारखी दैवते भक्तांनी नदीपलीकडे सुरक्षित प्रदेशात नेली. हे मनात असताना या सोन्याकडे कसे पाहावे? मी एवढेच करतो की दुसऱ्या दिवशी सकाळी कवळे आणि मंगेशी या देवस्थानांना जातो. अठराव्या शतकात छत्रपती शाहूंच्या काळात उभ्या राहिलेल्या कवळ्याच्या शांतादुर्गेच्या मंदिरात कमानदार खिडक्या आणि घुमट दिसतात, आणि चर्च बांधणाऱ्या कारागिरांची भाषा देवळानेही उचलली हे तिथे डोळ्यांना दिसते. दुःखाचा इतिहास आणि हाताचे कसब, दोन्ही एकाच मातीत आहेत. एकाला झाकून दुसरे पाहिले तर दोन्ही अर्धवट राहतात.

शेवटी, पणजीची बस पकडण्याआधी, दुपारी चार-साडेचारनंतर पुन्हा एकदा बॉम जेझूसमोर यावे. ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सावलीत सपाट दिसलेला काळा दगड आता तिरप्या उन्हात उठून येतो आणि प्रत्येक पानाला स्वतःची सावली मिळते. सकाळी काढलेल्या रेखाचित्राशेजारी तीच चौकट पुन्हा काढावी, आणि दोन्हींखाली वेळ लिहून ठेवावी.